खुर्चीत मान टाकली म्हणजे हो

धाकट्याने डोळे मिटून मान मागे टाकली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. पुढे जे झालं त्याचा दोष कुणाचा, ते वाचणाऱ्याने ठरवावं. पोटच्या तिघांत मी दोषाची वाटणी करत बसणार नाही. मी फक्त आमच्या सलूनचा कायदा सांगते. खुर्चीत बसून ज्याने मान टाकली त्याने हो म्हटलं. त्याला झोप लागली तर उठवायचं नाही. काम उरकायचं, अंगावरचं कापड झटकायचं, की माणूस आपोआप जागा होतो. हा कायदा माझ्या सासऱ्यांनी केला, नवऱ्याने पाळला आणि थोरल्याने तर दूध प्यावं तसा पोटात घेतला.

त्यात ती खुर्ची साधी नव्हे, त्यांच्या बापाची. तीस वर्षं धाकट्याने तिच्यावर साधी पिशवीही टेकवली नव्हती.

बापलेकाच्या भांडणाबद्दल मी मागे पुष्कळ लिहिलंय, पुन्हा उगाळत नाही. केस कापणाऱ्याच्या पोटी खांद्यापर्यंत केस वाढवणारा पोरगा निघाला, एवढंच ते भांडण. बाप त्याला नावाने हाक मारेना. ‘छप्पर’ म्हणायचा. “छप्पर उठलं का? छप्पर जेवलं का?” पोरगा उलटून बोलायचा नाही. बाकावर गिटार घेऊन बसायचा आणि गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लागला की हळू आवाजात गायला लागायचा. गिऱ्हाईक घोरायला लागायचं. बापाचं म्हणणं, झोपलेल्याची दाढी छान होते, म्हणून गाणं चालेल. केस चालणार नाहीत. शेवटी एके दिवशी बापाने कात्री उचलली, पोराने गिटार उचलली, आणि दोघांपैकी गिटार घराबाहेर गेली.

पुढे जगाने त्याला डोक्यावर घेतलं. पेपरवाले ‘मखमल’ म्हणायला लागले. पहिल्या कॅसेटवर त्याचा फोटो होता: पांढरा शर्ट, हातात गिटार, आणि पंख्याच्या वाऱ्यावर उडणारे ते केस. ‘सावकाश ये, दार ढकल, कडी नाही लावली मी’ हे गाणं घराघरात वाजलं. कडी न लावता झोपणाऱ्या पोरीबाळींच्या आया मला रस्त्यात अडवून बोलायच्या. त्यानंतर ते लिफ्टमध्ये वाजलं, मग दातांच्या दवाखान्यात. माझी दाढ काढली तेव्हा तेच चालू होतं. डॉक्टर म्हणाला, “आजी, झोप येतेय का?” मी म्हटलं, “येणारच, पोरगा कुणाचाय!”

मग जगाने त्याला डोक्यावरून खाली ठेवलं. तो जहाजांवर गायला, हॉटेलात जेवणाऱ्यांच्या पाठीमागे गायला, सोफ्यांच्या दुकानांच्या उद्घाटनांना गायला. दोन लग्नं केली. टिकली ती गिटार. आणि आता छप्पन्नाव्या वर्षी त्याला एका कार्यक्रमवाल्या बाईंचा फोन आला. जुन्या गाण्यांना परत दिवस आलेत म्हणे. चौदा गावांचा दौरा द्यायला त्या तयार होत्या, पण आधी एक कार्यक्रम करून दाखवायचा, तोही आमच्याच गावातल्या सभागृहात, संध्याकाळी सहाला. आवडला तर चौदा गावं, नाही तर परत सोफे. आणि अट एकच: कॅसेटवर दिसतो तसंच दिसायचं. गावभर पोस्टर लागली होती, केसांसकट.

तो सकाळी रात्रभरच्या प्रवासाने आंबून आला. केस तसेच, खांद्यावर, काळेभोर. त्यांच्याबद्दल कुणी बोलायचं नाही हा आमच्याकडचा तह होता, म्हणून कुणी बोललं नाही. माझ्या पाया पडताना मात्र तो पूर्वीसारखा वाकला नाही, गुडघ्यावर बसला, मान ताठ. मला वाटलं, मोठेपणाची पाठदुखी असेल. जेवण झालं, घरात उकडत होतं, म्हणून तो खाली सलूनमध्ये आला. बाकावर मी होते. दुसऱ्या खुर्चीचा पाय मोडलेला. तो थोडा घुटमळला, आणि बापाच्या खुर्चीत बसला. दोन मिनिटांत मान मागे.

थोरल्याने ते आरशात पाहिलं.

थोरल्याच्या पोटात तेव्हा काय चाललं होतं ते त्याने मला नंतर सांगितलं; जे नाही सांगितलं ते मी त्याच्या तोंडावर आधीच वाचलं होतं. त्याचे हात शिवशिवायला लागले. एकसष्ट वर्षांचा माणूस, गावातली तीन पिढ्यांची डोकी त्याच्या हाताखालून गेलेली, आणि एक डोकं राहिलेलं. ते आज आपल्या पायांनी चालत आलं, आपल्या मनाने बसलं.

पडद्यापलीकडे बायकांचं पार्लर आहे, ते माझी मधली चालवते. थोरल्याने पडदा बाजूला केला.

“अगं, इकडे ये. बघ कोण बसलंय.”

मधली आली. “थकलाय बिचारा. झोपू दे.”

“मान टाकलीये.”

“दादा, नको हं!”

“कायदा आहे.”

“त्याचा आज कार्यक्रम आहे!”

“म्हणून तर म्हणतोय. टोकं बघ जरा. चिरलीयेत सगळी. ह्या अशा टोकांनी हा सभागृहात जाणार? आपल्या दुकानातून उठून? लोक काय म्हणतील, भाऊ काय करतो ह्याचा, सुतारकाम?”

मधली लहानपणापासून धाकट्याची बाजू घेत आली. पण चिरलेली टोकं दाखवली की तिच्यातलीही पार्लरवाली बाई जागी होते. ती वाकली. टोकं खरंच वाईट होती.

“एक बोट,” ती कुजबुजली. “त्याच्यावर नाही. मी इथे उभी राहते.”

“एकच बोट. बापाची शपथ.”

आणि मी? मी बाकावरच होते. मी का नाही थांबवलं असं मला सगळ्यांनी विचारून झालंय. नाही थांबवलं, झालं. मलाही बघायचं होतं.

थोरल्याने कापड पांघरलं, फवारा मारला, कात्री चालवली. डावीकडे एक बोट गेलं. उजवीकडे एक बोट गेलं. मग लांबून बघितलं तर डावीकडचं बोट जरा जाड पडलेलं. म्हणून उजवीकडे थोडं. मग उजवीकडे जास्त झालं. थोरला चष्मा लावत नाही. केस कापणाऱ्याने चष्मा लावला तर गिऱ्हाईक घाबरतं म्हणतो. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मधली आधी “बस, बस” म्हणत होती, मग “इथे राहिलंय बघ” म्हणायला लागली. पाच मिनिटांत खांद्यावरचे केस हनुवटीला आले, दहा मिनिटांत कानाला.

“दादा, एक बोट म्हणाला होतास!”

“आता मधेच सोडू? तसं बरं दिसेल?”

थोरल्याचे हात मात्र काहीतरी वेगळंच सांगत होते. हे केस आपल्या घरचे नाहीत, हात म्हणत होते. आपल्या घरचा केस राठ, पाणी मारलं तरी उभा राहणारा. आणि आपल्या तिन्ही भावंडांना डोक्याच्या मागे दोन भोवरे आहेत. लहानपणी बाप बोट ठेवून मोजायचा. इथे एकही दिसेना. दोन भोवरे गेले कुठे? शोधायला म्हणून त्याने कंगवा खोल घातला आणि जरा जोर लावला.

सगळं डोकं फिरलं. म्हणजे डोकं जागेवर राहिलं, केस फिरले. मधला भांग सरकत सरकत उजव्या कानावर जाऊन थांबला.

मधलीने तोंडावर हात ठेवला. थोरला पुतळा झाला, कंगवा हातात. मी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. तीन पिढ्या केसांवर जगणारं घर हे, आणि सकाळपासून तिघांपैकी एकालाही कळलं नव्हतं की पोराच्या डोक्यावर टोप आहे.

थोरल्याला काय करावं सुचेना, म्हणून त्याने सवयीने कापड झटकलं.

धाकटा जागा झाला. आरशात पाहिलं. आता दुसरा कुणी असता तर त्याने दुकान डोक्यावर घेतलं असतं. पण माझ्या धाकट्याला ओरडता येत नाही, कधीच आलं नाही. रागावला तरी अंगाई म्हटल्यासारखं बोलतो.

“दादा,” तो मऊ आवाजात म्हणाला, “तू माझा सत्यानाश केलास.”

“रागावलास का रे?” थोरल्याने विचारलं.

“मी संतापलोय.”

“तसं वाटत नाही.”

“दादा,” मधली म्हणाली, “तो खूप संतापलाय. त्याचा डावा कान बघ.”

डावा कान लाल होता. उजवा दिसत नव्हता, त्याच्यावर भांग होता.

धाकट्याने दोन्ही हातांनी टोप काढला. आतून चिकटपट्टीचा चर्रकन आवाज आला. खाली माझ्या पोराचं डोकं, वरती एकही केस नाही, नुसती कानामागून गेलेली पांढरी झालर. आणि मागच्या बाजूला, उघड्यावर, दोन भोवऱ्यांच्या जागा. बारशापासून मी ते डोकं एवढं स्वच्छ पाहिलं नव्हतं.

“पाच वाजता त्या बाई मला न्यायला येणार आहेत,” तो म्हणाला. “गाडी घेऊन.”

घड्याळात दोन वाजले होते.

मग सुरू झालं आमच्याकडचं आवडतं काम. “तू शेजारीच उभी होतीस!” “कात्री कुणाच्या हातात होती?” “तू म्हणालीस इथे राहिलंय!” “तू म्हणालास बापाची शपथ!” “टोप आहे हे तुला कळायला नको? दिवसभर बायकांना गंगावनं लावतेस!” “आणि तू? तू तर फवारा मारलास त्याच्यावर! झाडाला मारतोस तसा!”

हा आरडाओरडा ऐकून थोरली सून मागच्या खोलीतून धावत आली. तिचं शिवणाचं मशीन तिथे आहे. दारातच थांबली. धाकट्याचं डोकं, हातातला टोप, जमिनीवरचे केस, एवढं तिने ओळीने पाहिलं आणि नवऱ्याकडे वळली. बत्तीस वर्षांत ती नवऱ्याशी चढ्या आवाजात बोलली नव्हती. सगळं साठवून ठेवलं होतं बहुतेक.

“अहो, तुम्हाला काही लाज? त्यांचा पोटाचा आधार होता तो!”

“तू मधे पडू नकोस. तुला काय कळतं गाण्यातलं?”

“मला? भाऊजींचा आसपासच्या गावातला एकेक कार्यक्रम ऐकलाय मी. पहिल्यापासून.”

“कधी?”

“तुम्हाला सांगायचे ना, कापड आणायला जातेय म्हणून.”

थोरला मनातल्या मनात मोजायला लागला. “एवढ्यांदा? मला वाटायचं, शिवण जोरात चाललंय.”

“मला वाटायचं तुम्ही विचाराल, कापड कुठाय म्हणून. नाही विचारलंत.”

धाकट्याने आरशातून वहिनीकडे पाहिलं. त्याला आठवलं असणार. मागच्या रांगेत कोपऱ्यात एक बाई असायची, कायम रिकामी पिशवी मांडीवर. कार्यक्रमात शंभर माणसं असोत नाहीतर अकरा, ती असायची. तोंड पदराआड असायचं, म्हणून त्याने ओळखलं नव्हतं. त्याला वाटायचं, वेडी असेल. आता डाव्या कानाची लाली जरा उतरली.

“द्या इकडे,” सून म्हणाली आणि टोप घेऊन मशीनवर बसली.

तीन वाजेपर्यंत आम्ही चौघांनी फरशीवर बसून केस वेचले. थोरल्याने लांबीप्रमाणे जुड्या केल्या, मधलीने विंचरल्या, मी गाठी सोडवल्या, सून शिवत गेली. तिने जीव ओतला, ते मी नाकारत नाही. पण केस काही कापड नव्हे. झाल्यावर टोप धाकट्याच्या डोक्यावर ठेवला तर तो घोड्यावर उलटा बसलेल्या माणसासारखा दिसायला लागला. एक जुडी सकाळच्या एका गिऱ्हाइकाची मिसळली होती. ती लाल होती, मेंदीची.

मग मधलीने पार्लरमधून शिकाऊ मुलींच्या सरावाची बाहुली आणली, नुसतं डोकं, आणि तिचे केस उतरवले. कपाळावर झुलपं, मानेपर्यंत कापलेले. धाकट्याला घातले. तो गिटार घेऊन उभा राहिला.

“कसा दिसतोय?” त्याने विचारलं.

मधलीने थोरल्याकडे बघितलं, थोरल्याने माझ्याकडे. शेवटी मीच म्हटलं, “शाळेतल्या बाईंसारखा. गणित शिकवणाऱ्या.”

थोरल्याला हसू आलं. त्याने ते दाबलं, मग ते नाकातून आलं. मधलीला आलं. सुनेला आलं. धाकटा तसाच उभा, झुलपं कपाळावर, आणि म्हणाला, “हसा. चौदा गावं गेली माझी.” इतक्या गोड आवाजात म्हणाला की हसू आणखीच आवरेना. मग माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. तो गिटार पेटीत ठेवायला लागला होता. मी म्हटलं, “पुरे,” आणि सगळे गप्प झाले. माझं “पुरे” या घरात अजून चालतं.

धाकट्याने बाहुलीचे केस काढून बाहुलीला परत घातले, नीट, मधोमध भांग करून. मग बाकावर माझ्या शेजारी बसला.

“अकरा वर्षं झाली,” तो म्हणाला. “एका महिन्यात गेले सगळे.”

“आणि आम्हाला सांगितलं नाहीस?” मधली म्हणाली. “मला?”

“कुठल्या तोंडाने सांगू, ताई? ज्याच्यासाठी घर सोडलं, तेच मला सोडून गेलं. बाबा तेव्हा होते. त्यांना कळलं असतं तर हसून हसून खुर्चीतून पडले असते.”

थोरला इतका वेळ केस झाडत होता. त्याने झाडू भिंतीला टेकवला आणि डोक्यावरची टोपी काढली. थोरला कायम टोपी घालतो. जेवताना, झोपताना, फोटोत. आम्हाला घरच्यांना माहीत होतं. धाकट्याला नव्हतं, त्याच्यासमोर थोरल्याने टोपी कधीच काढली नव्हती. खाली तसंच डोकं, तशीच झालर, तशाच दोन भोवऱ्यांच्या जागा.

“माझे चोविसाव्या वर्षी गेले,” थोरला म्हणाला. “बाबांचे तिसाव्या. तू काय समजलास, बाबा तुझ्या केसांवर का चिडायचे? आम्ही दोघं दिवसभर दुसऱ्यांचे केस कापायचो आणि तू समोरच्या बाकावर बसून ते खांद्यावरून मागे टाकायचास. दिवसातून शंभर वेळा. मला तर वाटायचं, मुद्दाम करतोस.”

“मुद्दामच करायचो,” धाकटा म्हणाला.

“मला माहीत होतं!”

“तुला बाबांनी दुकान दिलं. मला काय होतं दुसरं?”

“तुला छप्पर म्हणायचे. मला काय म्हणायचे, आठवतं? काहीच नाही. ‘ए’ म्हणायचे. ए, पाणी आण. ए, वस्तरा आण.”

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. दोघांना मीच वाढवलं, एकाच ताटात जेवू घातलं, आणि एकाला केसांचा हेवा, दुसऱ्याला दुकानाचा, हे मला साठ वर्षांत कळलं नाही. मी म्हणणार होते काहीतरी. पण थोरला धाकट्याच्या मागे गेला आणि त्याच्या कानामागे बोट फिरवलं.

“हे काय ठेवलंयस? ही झालर? ज्याने कुणी ठेवली त्याचे हात तोडले पाहिजेत.”

“मीच कापतो. आरशात बघून.”

“कळतंय.”

धाकटा बाकावरून उठला. दोन पावलं चालला. बापाच्या खुर्चीत बसला आणि मान टाकली. डोळे उघडे होते या वेळी.

थोरल्याने फेस केला, पूर्वी करायचा तसा, हाताने घोळवून. आख्ख्या डोक्याला लावला, गालांना लावला. वस्तऱ्याला धार दिली. सून मागे उभी, मधली बाजूला, आणि कुणीही “बस” म्हणालं नाही.

पाचला दहा कमी असताना गाडी थांबली आणि कार्यक्रमवाल्या बाई आत आल्या. उंच, कडक इस्त्रीच्या, हातात दोन फोन.

“मखमल सर तयार आहेत ना?”

बाईंनी खुर्चीतल्या फेसाळलेल्या माणसाकडे एकदा पाहिलं आणि माझ्याशेजारी बाकावर बसल्या. “गिऱ्हाईक उरकून घ्या तुमचं. मी थांबते. तेवढ्यात सरांना बोलवा.”

थोरल्याने हात चालू ठेवला. मी सरकून जागा दिली. दोन मिनिटं नुसता वस्तऱ्याचा आवाज. मग फेसातून गाणं आलं. सावकाश ये, दार ढकल. हळू, बाकावर ऐकू येईल एवढंच.

बाई एका फोनवर बोलत होत्या. त्या थांबल्या. आधी छताकडे बघितलं, स्पीकर कुठे आहे म्हणून. मग खुर्चीकडे.

“हे... हे कोण?”

“तुमचे सर,” मी म्हटलं.

त्या उठल्याच. “आणि केस?”

“त्या कोपऱ्यात.”

“आजी, मी चेष्टा करत नाहीये. करारात लिहिलंय. कॅसेटवर दिसतो तसा. गावभर पोस्टर लागलीयेत!”

आता माझी मुलं मला ओळखतात. थोरल्याने वस्तरा बाजूला ठेवला, मधलीने पडदा लावून घेतला, पार्लरमधल्या बायकांनी उगाच ऐकायला नको. मी बाईंची बिनपाण्याने केली.

“बाई, तुमच्या पोस्टरात माझा पोरगा सव्वीस वर्षांचा आहे. तिकीट काढून येणारे किती जण सव्वीसचे आहेत? तुम्ही ह्याला गळ्यासाठी बोलावलंत की केसांसाठी? गळ्यासाठी असेल तर तो बसलाय, गातोय, आत्ता ऐकलात. केसांसाठी असेल तर सांगा, सुपलीत भरून देते. त्यांना गायला लावा.”

बाईंनी तोंड उघडलं. मी अजून संपले नव्हते.

“आणि चूक त्याची नाही. चूक माझ्या घराची आहे. आमच्याकडे माणूस मान टाकतो तेव्हा त्याला आम्ही सोडत नाही.”

बाई बराच वेळ डोक्याकडे बघत राहिल्या. थोरल्याने ओल्या रुमालाने शेवटचा फेस पुसला, तुरटी फिरवली. डोकं दिव्याखाली असं दिसत होतं की मला वाटलं, त्यात आपला चेहरा दिसेल.

“सभागृह भरलंय, आता रद्द करता येत नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण लोक उठून जायला लागले तर मीही उठेन. चौदा गावं विसरायची. चालेल?”

“चालेल,” धाकटा म्हणाला. त्याचं “चालेल” आणि “चालणार नाही” एकाच सुरात असतं, म्हणून आम्ही सगळे गाडीत बसलो.

थोरला पहिल्यांदाच भावाच्या कार्यक्रमाला आला होता. माझ्या डाव्या हाताला तो, उजव्या हाताला सून, तिच्या मांडीवर सवयीची रिकामी पिशवी. मधली बाईंच्या मागच्या खुर्चीत, बाई उठल्याच तर धरायला. सभागृहात बहुतेक बायका पन्नाशीच्या पुढच्या, नवऱ्यांना ओढत आणलेल्या.

धाकटा स्टेजवर आला. पांढरा शर्ट, गिटार, आणि दिव्यांत चकाकणारं डोकं. सभागृहात एक “अं?” झालं. माना हलल्या. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, “हे गिटार लावून देणारे असतील.”

त्याने गायला सुरुवात केली आणि “अं?” थांबलं. आवाज तोच होता. म्हातारा झाला होता थोडा, पण माझा घसा बसतो तसा नाही, जुनं लाकूड जसं गुळगुळीत होत जातं तसा. दोन कडवी नीट गेली. तिसऱ्या कडव्यानंतर, गाव जाणतं, तो एक तार छेडून मान झटकायचा आणि केस एका खांद्यावरून दुसऱ्यावर जायचे. त्याच क्षणाला पूर्वी पोरी किंचाळायच्या. सवय ती. त्याने तार छेडली आणि मान झटकली.

काहीच गेलं नाही कुठे. नुसतं डोकं डावीकडून उजवीकडे गेलं, दिवा त्याच्यावरून घसरत गेला.

कुणीतरी फसकन हसलं. मग एक कोपरा हसला. धाकट्याचा हात तारांवर थांबला. मी त्याचा डावा कान पाहिला, लाल होत चालला होता. मागे एक खुर्ची करकरली, कुणीतरी उठत होतं. बाईंनी पर्स काखोटीला मारली.

तेवढ्यात माझ्या डाव्या कानात तोफ सुटली.

“मान हलवू नकोस!” थोरला ओरडला. चाळीस वर्षं खुर्चीतल्या माणसावर ओरडतो तसाच, खणखणीत. “किती वेळा सांगायचं! मान सरळ ठेव!”

सगळं सभागृह वळलं. मला जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं झालं. थोरलाही हबकला, तोंडातून गेलं होतं, विचारून नव्हे. आणि स्टेजवर धाकटा हसला. छोटंसं नाही, पोट धरून. गिटार पोटावर हलायला लागली. मग म्हणाला, “हा माझा दादा. ही हजामत त्याची.” आणि लोक हसले, पण आता वेगळे हसले. उठलेला माणूस परत बसला. एका नवऱ्याने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत विचारलं, “पत्ता काय दुकानाचा?” टाळ्या पडल्या. धाकट्याने मान सरळ केली आणि उरलेलं गाणं मान न हलवता गायलं. सून रडत होती. थोरला पूर्ण वेळ तोंड उघडं ठेवून बघत होता. गाणं नव्हे. “कानामागे बघ, आई,” तो मला कोपराने ढोसत होता, “एक खुंट सुटलेला नाही.”

बाई उठल्या त्या शेवटी, टाळ्या वाजवायला. मधलीने तरी त्यांना धरलंच.

नंतर पडद्यामागे त्या म्हणाल्या, “चौदा गावं. दर शनिवारी एक. नवी पोस्टर काढू. पण डोकं दर वेळी असंच हवं, दिव्याखाली खुंट दिसतात. आणि तो ओरडणारा माणूस दर वेळी हवा. त्याच ठिकाणी.”

धाकटा थोरल्याकडे बघायला लागला. थोरल्याने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

“दुसऱ्या कुणाला मी ह्या डोक्याला हात लावू देणार नाही,” तो म्हणाला. “पण मला नाही जमणार.”

“का रे?” धाकट्याने विचारलं. तेवढ्याच मऊ आवाजात.

“शनिवारी दुकानात गर्दी असते.”

साठ वर्षांत माझ्या सासऱ्यांनी, नवऱ्याने, ह्याने एकदाही शनिवारी दार बंद ठेवलेलं नाही. हे कारण खोटं नव्हतं. तिघंही माझ्याकडे बघायला लागली, मी काहीतरी तोडगा काढावा म्हणून, आयुष्यभर बघत आली तशी.

“शनिवार मी बघते,” मी म्हटलं.

“आई, तुला काय येतं?” थोरला म्हणाला.

“दाढी येते. तुझा बाप शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होता. हात थरथरायचे त्याचे, तुला दाखवायची लाज वाटायची. तू सकाळी त्याचा गाल बघून काय म्हणायचास? बाबा, अजून काय हात आहे तुमचा! तो हात माझा होता.”

थोरल्याने खाली वाकून धाकट्याच्या गिटारची पेटी उचलली.

पहिल्या शनिवारी सात गिऱ्हाइकं आली. रक्त एकाचंच निघालं, आणि तो बोलत होता.